बंदरातला दिवस आणि बाबांचं घड्याळ

लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आणि जे हे वाचताय, त्यांच्यासाठी एक सूचना: बोललेलं जसंच्या तसं उतरवलंय, त्यामुळे मध्येच गाडी रुळावरून घसरली तर सांभाळून घ्या.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता. क्रूझ. म्हणजे मोठ्या जहाजावरची सुट्टी. जहाजावर पूल किती, बुफेत काय मिळतं, याचे व्हिडिओ ढिगाने सापडतील. मला बोलायचंय ते जहाजाबाहेरच्या दिवसाबद्दल. जहाज सकाळी बंदराला लागतं, संध्याकाळी सुटतं. मधले काही तास तुमचे. ते कसे आखायचे? मी कसे आखले, आणि कुठे माती खाल्ली, तेही सांगते.

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये मी आईबाबांना घेऊन ग्रीसला गेले. बाबा नुकतेच रिटायर झाले होते. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे रोज हॉटेल बदला, बॅगा उचला, हे जमणार नव्हतं. क्रूझचा मोठा फायदा तोच. बॅग एकदाच उघडायची, खोली तीच, गावं मात्र रोज नवी. मार्ग असा होता: अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून निघून सँटोरिनी, काटाकोलो, कोर्फू, क्रोएशियातलं डुब्रॉव्हनिक, मग एक अख्खा दिवस समुद्रात आणि परत पिरेअस.

पहिल्या दिवशी खोलीत सामान टाकलं आणि लगेच सेफ्टी ड्रिल. लोक कंटाळतात, मीही कंटाळले होते. पण १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी जहाजावर चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचं ड्रिल तोवर झालेलंच नव्हतं. त्यानंतर नियम बदलला. आता ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावंच लागतं. तेव्हा त्या वेळेत सेल्फी काढू नका, आपली जमायची जागा कुठे आहे ती बघून ठेवा.

आता बंदरं. सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. तिथे समुद्र म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीचं तोंड आहे, खोल आणि चहूबाजूंनी कडे. जहाज मध्येच थांबतं आणि छोट्या बोटी तुम्हाला किनाऱ्यावर नेतात. त्यांना टेंडर म्हणतात. मी हे बाबांना मोठ्या ऐटीत समजावत होते. बाबा म्हणाले, "अगं, आम्हाला काय सांगतेस! लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावाला जायचो. हर्णैला बोट बाहेरच उभी राहायची आणि आम्ही पडावात उतरायचो. तेही कोंबड्यांसकट." आणि मग आईला, "तुला बोट लागत नाहीये ना?" असं दहाव्यांदा विचारलं. आईला काही लागली नाही. बोट लागली ती मला.

टेंडरचं गणित लक्षात ठेवा. उतरायला रांग, परत यायला रांग. सँटोरिनीत त्यात आणखी एक भर पडते. जुन्या बंदरावरून वर फिरा गावात जायला केबल कार, नाहीतर जवळपास ६०० पायऱ्या. खेचरंही असतात, पण त्या उन्हात त्यांच्या पाठीवर बसायचं मन आम्हाला झालं नाही. एका दिवशी तीन-चार जहाजं आली की केबल कारची परतीची रांग तासाभराची होऊ शकते. ओया गाव, ते पांढरं-निळं फोटोंमधलं, फिरापासून साधारण ११ किलोमीटर आहे. तिथला सूर्यास्त बघायचा असेल तर आधी जहाज किती वाजता सुटतं ते बघा. बरेचदा त्या वेळी तुम्ही टेंडरच्या रांगेत असता. आम्ही ओया सोडलं, फिरातच बसलो. आईला वरून जहाज दिसलं आणि ती म्हणाली, "एवढ्याशा डबीत आपण राहतोय?" माझ्यासाठी तो दिवस तिथेच वसूल झाला.

एक पैशाची गोष्ट: जुलै २०२५ पासून ग्रीस क्रूझच्या प्रवाशांकडून बंदरात उतरण्याचं शुल्क घेतं. सँटोरिनी आणि मिकोनोसला उन्हाळ्याच्या गर्दीच्या महिन्यांत ते माणशी २० युरो आहे. तिकिटाच्या किमतीत ते धरलंय का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. तसंच टिप्स, वायफाय, दारू-कोल्ड्रिंक, हे बरेचदा वेगळं असतं. जाहिरातीतला आकडा पाहून लगेच घरच्यांना फोन करू नका.

आता हिशेबाकडे येऊ. समजा वेळापत्रकात लिहिलंय, जहाज सकाळी ८ ते संध्याकाळी ५. आपण म्हणतो, वा, नऊ तास! नाही. उलटा हिशेब करा. पाचला जहाज सुटणार म्हणजे 'ऑल अबोर्ड' साडेचारला. ती शेवटची वेळ, त्यानंतर शिडी उचलतात. त्याआधी एक तास हाताशी ठेवा, म्हणजे साडेतीनला धक्क्यावर. सकाळी कागदपत्रं होऊन प्रत्यक्ष उतरायला पावणेनऊ होतात. उरले पावणेसात तास. जायची जागा एक तासावर असेल तर जाऊन-येऊन दोन तास गेले. जेवायला पाऊण तास. हातात राहिले चार तास. चार तासांत एक गोष्ट नीट बघून होते, दुसरी कशीबशी, आणि तिसरीला हात लावलात तर भांडण होतं. आमच्याकडे तरी होतं.

दुसरा प्रश्न, जहाजाची सहल घ्यायची की आपलं आपण जायचं? जहाजाची सहल महाग असते, पण बस अडकली तर साधारणपणे जहाज थांबतं, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरात पोचवायची जबाबदारी त्यांची असते. तुम्ही स्वतः गेलात आणि उशीर झाला, तर जहाज निघून जातं. धक्क्यावर थांबण्याचे पैसे लागतात, पुढच्या बंदरातली वेळ ठरलेली असते, तुमच्या एका कॉफीसाठी कोणी थांबत नाही. माझा साधा नियम: जागा लांब आणि रस्ता एकच असेल तर जहाजाची सहल. गाव बंदराला लागून असेल तर आपले पाय. काटाकोलोला आम्ही सहल घेतली, कारण प्राचीन ऑलिम्पिया तिथून ४० एक किलोमीटर आत आहे. ऑलिम्पिकची ज्योत आजही तिथेच पेटवतात. दगड बघून आई कंटाळेल असं मला वाटलं होतं. तीच सगळ्यात जास्त वेळ स्टेडियमच्या धावपट्टीवर उभी होती. म्हणाली, "शाळेत मी शंभर मीटर पळायचे, माहितीये?" मला माहीत नव्हतं.

आणि आता कोर्फू. इथे मी माती खाल्ली.

माझा प्लॅन होता कासिओपीचा. बेटाच्या ईशान्य टोकाला छोटं बंदर, निळं पाणी, शहरापासून साधारण तासाभराचा रस्ता. रीलमध्ये बघितलं होतं. आदल्या रात्री बाबा म्हणाले, "कोर्फू गावात क्रिकेटचं मैदान आहे म्हणे. ते बघता येईल का?" खरं आहे ते. कोर्फू एकेकाळी ब्रिटिशांच्या ताब्यात होतं, आणि १८२३ पासून तिथे क्रिकेट खेळलं जातंय. ते खेळायचे ते मैदान जुन्या शहराच्या मधोमध, स्पियानाडा नावाच्या चौकात. बाबा आयुष्यभर बँकेच्या टीममधून खेळले. मी काय म्हणाले? "बाबा, मैदान काय बघायचं? आल्यावर वेळ उरला तर बघू." बाबा "बरं" म्हणाले. त्यांचं "बरं" मला आता कळतं.

सकाळी बसने गेलो. परतीची बस मी लिहून ठेवली होती, सव्वादोनची. जहाजावर साडेचारला. भरपूर वेळ. समुद्रात पाय सोडून बसलो, पालकाची ती ग्रीक पाय खाल्ली, आईने तिचं नाव 'पालकाची खारी' ठेवलं. मी अधूनमधून फोन बघत होते. एक पन्नास झाले. मी म्हटलं, "चला, आवरा, वीस-पंचवीस मिनिटांत बस आहे."

बाबांनी मनगट बघितलं. त्यांचं एचएमटीचं घड्याळ आहे, चावीचं, लग्नातलं. म्हणाले, "अगं, तीनला दहा कमी आहेत."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "बाबा, चावी द्यायला विसरलात. फोन सॅटेलाइटवरून वेळ घेतो." बाबा शांतपणे म्हणाले, "सकाळी जहाजाच्या रिसेप्शनवरच्या घड्याळाशी लावून निघालोय."

मग मी फोनवर नीट बघितलं. वर एक मेसेज पडला होता, दुपारीच कधीतरी आलेला: अल्बेनियात आपलं स्वागत आहे.

मंडळी, कोर्फूच्या त्या टोकावरून अल्बेनियाचा किनारा समोर दिसतो, अगदी काही किलोमीटरवर. माझ्या फोनने समोरच्या देशाचं नेटवर्क पकडलं होतं. आणि अल्बेनियाची वेळ ग्रीसच्या एक तास मागे असते. फोनने इमानदारीत घड्याळ एक तास मागे घेतलं. बस पस्तीस मिनिटांपूर्वीच गेली होती.

त्यानंतरचा दीड तास मी विसरणार नाही. हॉटेलवाल्या काकांनी तीन फोन करून टॅक्सी बोलावली. ती यायला वीस मिनिटं. डोंगराचा वळणावळणाचा रस्ता. आई पुढच्या सीटवर, गुडघा धरून, एक शब्द बोलत नव्हती. पासपोर्ट खोलीच्या तिजोरीत. औषधं खोलीत. आईची बीपीची गोळी संध्याकाळची, तीही खोलीत. जहाज सुटलं असतं तर आम्ही तिघं अंगावरच्या कपड्यांनिशी कोर्फूत, आणि जहाज दुसऱ्या देशात. बाबा मात्र दर पाच मिनिटांनी वेळ सांगत होते. "तीन पस्तीस. होईल." "तीन पन्नास. होईल."

धक्क्याच्या फाटकावर चार तेराला पोचलो. शिडीवर पाय ठेवला तेव्हा चार वीस. दहा मिनिटं उरली होती.

त्या रात्री जहाजावर घोषणा झाली: उद्या डुब्रॉव्हनिक, क्रोएशियाची वेळ वेगळी आहे, घड्याळं एक तास मागे घ्या. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझा फोन फक्त एक दिवस आधी पोचला." तिघंही इतके हसलो की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

तर आता कामाच्या गोष्टी, पटापट. एक, फोनमधली आपोआप वेळ बदलायची सेटिंग बंद करा आणि जहाजाची वेळ हाताने लावा. साधं मनगटी घड्याळ असेल तर उत्तमच. दोन, जहाज सुटताना फोन एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात फोन जहाजाचं सॅटेलाइटवालं नेटवर्क पकडतो, आणि तुमच्या रोमिंग पॅकमध्ये ते बरेचदा नसतं. सीमेजवळच्या बंदरात नेटवर्कही हाताने निवडा. तीन, नकाशे आधीच डाउनलोड करा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. चार, उतरताना पासपोर्टची झेरॉक्स, एक दिवसाची औषधं, थोडे रोख युरो आणि बंदरावरच्या एजंटचा नंबर जवळ ठेवा. तो नंबर जहाजाच्या रोजच्या पत्रकात छापलेला असतो. पाच, व्हिसा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, पण मार्गात तुर्की किंवा अल्बेनियाचं बंदर असेल तर तुम्ही शेंगेनबाहेर जाऊन परत येता. तेव्हा मल्टिपल एंट्रीच घ्या आणि बाहेरच्या देशाचे नियम वेगळे तपासा. सहा, जहाज सुटायच्या एक दिवस आधी त्या शहरात पोचा. विमानाला उशीर झाला तर जहाज तुमची वाट बघत नाही.

आणि सातवी गोष्ट कुठल्याही यादीत नसते. कोर्फूचं ते मैदान राहिलं. जहाज निघालं तेव्हा बाबा डेकवर कठड्याला टेकून गावाकडे बघत होते. मी शेजारी जाऊन म्हटलं, "सॉरी बाबा." ते म्हणाले, "अगं, मैदान काय, सगळीकडे सारखंच असतं." पण तसं असतं तर ते बघत उभे राहिले नसते. बंदरापासून ते जेमतेम दोन किलोमीटर होतं. चालत जाऊन आलो असतो.

म्हणून आता माझी पद्धत अशी आहे. निघण्याआधी प्रत्येकाला प्रत्येक बंदरातली एक गोष्ट विचारायची. फक्त एक. ती कागदावर लिहायची आणि आधी त्या बसवायच्या, रील त्यानंतर. तुम्ही आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर हे नक्की करा, कारण ते स्वतःहून दोनदा सांगत नाहीत.

तुमच्या बंदरातल्या फजितीचे किस्से मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवेन. आणि हो, घड्याळाला चावी द्या. भेटू!