कडेवरच्या भावासकट

मी बांधकामाच्या साइटवरच्या मुलांना शिकवते असं सांगितलं, की लोक हमखास विचारतात, "काय शिकवता?" मला वाटतं, आधी विचारायला हवं, "वर्गाला कोणाकोणाला येता येतं?" आज त्याबद्दलच बोलते.

मी मूळची नाशिकची. लग्नानंतर नोएडाला आले. गेली चार वर्षं एका मोठ्या गृहसंकुलाच्या साइटवर, मजुरांच्या वस्तीत, आठवड्यातले पाच दिवस सकाळी वर्ग घेते. पगार नाही, मागितलेलाही नाही. वस्ती म्हणजे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. बरीच कुटुंबं बुंदेलखंडातली, छतरपूर-टीकमगढकडची. काही बिहारची, काही बंगालमधल्या मालद्याची. वर्गाची खोलीही पत्र्याचीच. मे महिन्यात आत बसवत नाही आणि जानेवारीत जमिनीवर पाय ठेववत नाही.

आई-वडील आठला कामावर जातात. मी साडेनऊला पोचते. पाण्याचा टँकर येऊन गेला असेल तर वर्ग वेळेवर सुरू होतो. नसेल, तर मुलं डबे घेऊन रांगेत, आणि मीही त्यांच्याबरोबर रांगेत. पाढे तिथंच म्हणून घेते. मग खोल्याखोल्यांतून हाका मारत मुलं गोळा करायची, नखं बघायची, हजेरी घ्यायची. मोठी मुलं छोट्यांना अक्षरं गिरवायला बसवतात, तोवर मी बाकीच्यांचं वाचन घेते. हिशेब सगळ्यांना आवडतो, कारण बापाची हजेरी किती भरली आणि ठेकेदारानं किती दिले, हे त्यांना ताडून बघायचं असतं.

सुरुवातीला वर्गात मुलगेच जास्त. आठ-दहा वर्षांच्या मुली दारापर्यंत यायच्या, उभ्या राहायच्या, परत जायच्या. एकीला विचारलं, "आत का येत नाहीस?" तिनं कडेवरचा भाऊ नुसता थोडा वर उचलून दाखवला. आई विटा वाहते, म्हणजे दिवसभर त्या बाळाची आई हीच. बाळ रडलं की वर्ग मोडतो, आणि बाळाला खोलीत एकटं ठेवलं तर बाहेर खड्डे, सळया, ट्रक. मुलीला शाळा नको होती असं अजिबात नव्हतं. तिचे हात मोकळे नव्हते.

यावर आपल्याकडे फार आधी विचार झालेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं दिवसा गुरं राखतात, म्हणून गुरं चरतात तिथं वर्ग नेला : ती कुरणशाळा. मुली धाकट्या भावंडांमुळे येत नाहीत, म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र ठेवल्या. दिल्लीतही १९६९ साली राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं. मजूर बायांची तान्ही मुलं तिथल्या धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी साइटवरच पाळणाघर काढलं. त्यातून ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. पुढं १९९६च्या बांधकाम मजुरांच्या कायद्यातही तरतूद आली : पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील, तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, असं त्यात होतं.

आम्ही केलं ते अगदी साधं. खोलीचा एक कोपरा सतरंजी घालून बाळांना दिला. छताच्या अँगलला साडीची झोळी बांधली. वस्तीतल्या एका आजींना कामावर जाववत नव्हतं, त्यांना तिथं बसवलं; आया मिळून त्यांना महिन्याला थोडे पैसे देतात. दोन आठवड्यांत मुलींची संख्या मुलग्यांइतकी झाली. मी शिकवत होते तेच शिकवत राहिले. फरक झोळीनं पडला.

आता अवघड भाग. नोव्हेंबरात दिल्लीची हवा बिघडते आणि प्रदूषणामुळे बांधकामं बंद होतात. १८ नोव्हेंबर २०२४ला चौथ्या टप्प्याचे निर्बंध लागू झाले, तेव्हा बांधकामं थांबली आणि शाळाही ऑनलाइन गेल्या. रोजावरच्या माणसाला काम बंद म्हणजे पैसे बंद. निम्मा वर्ग आठवड्याभरात गावी गेला. कोण परत येईल, कोण दुसऱ्या साइटवर जाईल, हे त्यांनाही माहीत नसतं.

म्हणून मी प्रत्येक मुलाची एक चिठ्ठी तयार ठेवते : नाव, गाव, वय, वाचता काय येतं, गणित कुठवर झालं. निघताना आईच्या हातात देते. गावच्या शाळेत ती उपयोगी पडते. इथल्या सरकारी शाळेत नाव घालतानाही मी बरोबर जाते. एका कार्यालयात सांगितलं, जन्मदाखला नाही तर प्रवेश नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं असतं, हे त्यातच लिहिलंय. कायद्याची प्रत पिशवीत असली की बोलणं लवकर संपतं.

तुमच्यापैकी कोणाला हे काम करायचं असेल, तर तीन गोष्टी सांगते. वाढदिवसाला खाऊ वाटायला येऊ नका. आठवड्यातले दोनच दिवस ठरवा, पण वर्षभर तेच दोन दिवस या. फळा आणण्याआधी कोणती मुलं येत नाहीत ते मोजा आणि का येत नाहीत ते त्यांच्या घरी जाऊन विचारा. आणि आपल्या वर्गातून मूल सरकारी शाळेच्या पटावर गेलं, की वाईट वाटून घेऊ नका. त्यासाठीच तर आपण तिथं असतो.