अनुदान येते, पण कोणापर्यंत?

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे. आपल्या मंडळाला एका धर्मादाय संस्थेकडून अनुदान मिळण्याचा योग आला आहे व त्यातून आणखी शिवणयंत्रे घ्यावीत असे घाटते आहे. त्याविषयी मला थोडे बोलायचे आहे.

१९९३ साली मी सातवीत होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकते निजलेले, आणि भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर ही गावे होत्याची नव्हती झाली. आमच्या माहेरचे माळवद एका अंगाने खाली आले. माणसे वाचली, माझी शाळा मात्र तेथेच संपली. पुढे सरकारने जागतिक बँकेचे कर्ज काढून घरबांधणीचे व दुरुस्तीचे काम हाती घेतले. पैसा आला, पण साहेब लोक बोलायचे ते पारावरच्या पुरुषांशी. तेव्हा प्रेमा गोपालन ह्यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ह्या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतील बायकांना संवाद सहायक म्हणून पुढे आणले. माझी आई पदर सांभाळीत त्या बैठकींना जाऊ लागली. भिंतीत आरपार लांब दगड का घालायचा, माळवदावरची माती का कमी करायची, हे ती शिकली. एकदा गवंडी तो दगड न घालताच भिंत उचलू लागला. आईने काम थांबवले. वडील फार रागावले, पण भिंत उतरवावी लागली. पुन्हा घातलेली ती भिंत आजही उभी आहे.

ह्याच संस्थेने पुढे एक एकर शेतीची रीत बायकांना शिकवली. घरच्या रानातील एकर-अर्धा एकर बाईने मागून घ्यायचा, आणि त्यात ज्वारी, तूर, मूग, भाजीपाला असे खायचे पीक शेणखतावर काढायचे. संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे 'इक्वेटर' पारितोषिक मिळाले. मीही मामंजींकडे एकर मागितला. ते म्हणाले, "सोयाबीन मोडून आम्हांला उपाशी ठेवतेस काय?" पुढे घरात मेथी-वांगी येऊ लागली, तेव्हा तेच रोज बांधावर जाऊन बसू लागले!

बियाण्याला फारसे लागले नाही. खरा खर्च बायकांना जमवण्याचा, हिंडवण्याचा, पुन्हा पुन्हा समजावण्याचा. तो फोटोत दिसत नाही, म्हणून कोणी मागत नाही.

पण माझ्यापाशी मागायला एकर तरी होता. दुसऱ्याच्या रानात खुरपणाऱ्या बाईने कोणाकडे काय मागावे? आपली सभा दुपारी तीनला. रोज बुडवून ती येणार कशी? वर्गणी थकली म्हणून मागच्या वर्षी दोघींची नावे आपण काढली. मीही हात वर केला होता. मागच्या खेपेला सहा यंत्रे आली. तीन चालतात, तीन खोळीत आहेत, आणि त्यांतले एक माझ्या घरी आहे.

अर्ज येत्या शुक्रवारी जायचा आहे. त्यात यंत्रांऐवजी मजुरणींच्या बुडणाऱ्या रोजाची भरपाई, गाडीभाडे, आणि त्यांना मिळून खंडाने रान घेता येईल एवढी रक्कम मागावी. सभा रात्री आठला ठेवावी. त्या दोघींच्या घरी मी उद्या सकाळी जाणार आहे. कोणी बरोबर येणार असेल तर सभा संपल्यावर मला सांगावे.