मिनाकाम करणाऱ्या ट्रॅक्वेअरबाई



आमच्या आचऱ्यास रामेश्वराच्या देवळांत रामनवमीचा उत्सव सुरू झाला, कीं घरोघरचे दागिने पेटीबाहेर निघतात. नथ, कुडी, पाटल्या यांची पारख स्त्रियांना पुरुषांहून अधिक. परंतु घडवावयाचें सोनारानें आणि ल्यावयाचें स्त्रीनें, ही वांटणी ठरलेली. ती मोडणाऱ्या एका परदेशीय स्त्रीची ओळख आज करून द्यावयाची आहे. फीबी ॲना ट्रॅक्वेअर यांचा जन्म १८५२ सालीं डब्लिन येथें झाला. संसार मात्र त्यांनीं स्कॉटलंडांत, एडिंबरो शहरीं केला.

त्यांचे पति हे अश्मीभूत मत्स्यांचे थोर अभ्यासक. पतीच्या निबंधांसाठीं खडकांत दबलेल्या माशांचीं चित्रें बाईंनींच काढलीं. आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांना मासा ताटांतलाच ठाऊक! पण खवलेंन् खवलें निरखण्याची ती शिस्त पुढें बारीक कामांत उपयोगी पडली असावी, असें मला वाटतें. तीन मुलांचें संगोपन करीत असतांच, १८८५ मध्यें, मुलांच्या इस्पितळांतील शवगृहाला जोडलेल्या प्रार्थनामंदिराच्या भिंती रंगविण्याचें काम त्यांच्याकडे आलें. नंतर १८९३ पासून आठ वर्षें त्या एका मोठ्या चर्चच्या भिंती रंगवीत होत्या.

तें काम संपलें त्याच वर्षीं, म्हणजे १९०१ सालीं, एकुणपन्नासाव्या वर्षीं, त्या मिनाकाम शिकूं लागल्या. भिंतीवरून एकदम तळहाताएवढ्या पत्र्यावर!

मिना म्हणजे रंगीत काचेची पूड. कोबाल्टनें ती निळी होते, तांब्यानें हिरवी. धुतलेली ओली पूड तांब्याच्या पत्र्यावर बसवावयाची, पूर्ण वाळवावयाची आणि आठशें अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टींत कांहीं मिनिटें धरावयाची. पत्र्याच्या पाठीसही मिना द्यावा लागतो, नाहींतर निवतांना पत्रा वांकतो व काच तडकते. भट्टींतून निघालेल्या लाल पत्र्यावर खरा रंग दिसतच नाहीं. तो निवल्यावर कळतो. असा एकच तुकडा पुनःपुन्हा भाजावा लागतो, आणि प्रत्येक खेपेस आधींचें सारें काम पणास लागतें. बाई काचेखालीं सोन्याचांदीचा वर्ख घालीत, त्यामुळें रंग आंतून उजळे. कोंदण टॅल्बर्ट नांवाचा कारागीर करी. पदकें, हार, पेले असें पुष्कळ काम झालें. एडिंबरोच्या थिसल चॅपेलांतील सरदारांच्या आसनांवरचे मिन्याचे कांहीं कुलचिन्हपट्टही त्यांचेच.

आपल्याकडे अडीनडीला दागिना मोडतां येतो, म्हणून त्याला आधार मानतात. बाईंच्या पदकांतला पत्रा तांब्याचा. मोडीला त्याची किंमत कवडीची. जें मोल आहे तें सारें हाताचें. त्यावर त्या आपल्या नांवाचीं आद्याक्षरें आणि साल घालीत. आमच्या पेटींतल्या नथीवर सोनाराचें नांव कुठें असतें? १९२० मध्यें रॉयल स्कॉटिश अकॅडमीनें त्यांना सन्माननीय सभासद केलें. तो मान मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री. १९३६ सालीं त्या वारल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत त्यांचें मिनाकाम आजही पाहावयास मिळतें.