मुलाचं गाव पुसू नका
(देवगाव रंगारी येथे वसतिगृह कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. कन्नडच्या डोंगरपट्ट्यातल्या भिल्ल आणि ठाकर वस्त्यांवरून आईबाप कारखान्यांकडे जातील, आणि पिशवीत दोन कपडे घेऊन मुलं आपल्या दारात उभी राहतील. आपण त्यांना जेवू घालू, शाळेत पाठवू. पण दाराशी आलेल्या मुलाची नोंद आपण कशी करतो, यावर त्याचं पुढचं आयुष्य अवलंबून असतं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

मुलांना आसरा देण्याचं काम महाराष्ट्रात जुनं आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. तिथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतलं. तो पुढे डॉक्टर झाला. १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांनी पंढरपुरात असंच गृह काढलं, ते प्रार्थना समाजाने सांभाळलं. शतकाच्या अखेरीस दुष्काळ पडले तेव्हा पंडिता रमाबाईंनी शेकडो मुलींना केडगावला आणून जगवलं. त्या काळी प्रश्न एकच होता : लेकरू जगेल का?

मग सरकार यात आलं. १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा कायदा झाला, १९२७ साली मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. ‘रिमांड होम’ हा शब्द तेव्हापासून इतका रुजला, की आजही एखादी आई खोडकर पोराला ‘रिमांड होममध्ये टाकीन’ म्हणून धमकावते. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इथे तो कायदा लागू नव्हता. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो. आदिवासी मुलांपुरतं पाहिलं तर ठक्करबाप्पांनी १९२२ मध्ये दाहोदला भील सेवा मंडळ काढून मुलांसाठी आश्रम सुरू केले. आपल्या वसतिगृहांची वाट त्यांनीच घालून दिली.

आता थोडं दूरचं उदाहरण देतो. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात गरिबांची मुलं मोठ्या गरीबखान्यात वाढत असत. १८९३ पासून तिथल्या मंडळाने वेगळा विचार केला. शहरातल्या साध्या गल्ल्यांमध्ये घरं घेतली, प्रत्येक घरात थोडी मुलं आणि त्यांची एक गृहमाता ठेवली. मुलं गल्लीतल्या इतर पोरांबरोबर नेहमीच्याच शाळेत जाऊ लागली. १९३० मध्ये हे काम नगरपालिकेकडे आलं, आणि १९४८ च्या कायद्याने निराधार मुलांची जबाबदारी देशभर स्थानिक कौन्सिलांवर टाकली. मूल चारचौघांत वाढावं, ही दृष्टी चांगली होती.

पण त्याच देशात दुसरंही घडलं. सरकारच्या संमतीने धर्मादाय संस्थांनी हजारो मुलं बोटीत बसवून ऑस्ट्रेलियासारख्या देशांत पाठवली. अनेकांना सांगितलं, ‘तुझे आईबाप वारले’. कित्येकांचे ते जिवंत होते. १९८६ साली नॉटिंगहॅमच्या मार्गारेट हम्फ्रीज या समाजसेविकेला ऑस्ट्रेलियातल्या एका बाईचं पत्र आलं, ‘मी कोण, ते शोधून द्याल का?’ तिथून हे प्रकरण उघडकीला आलं. २०१० मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. त्या मुलांना अन्न-वस्त्र मिळालं होतं. पण त्यांचं नातं हरवलं होतं.

तुम्ही म्हणाल, आपण कुठे मुलं बोटीत बसवतो? खरं आहे. पण चूक बोटीशिवायही होते. माझीच सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका वसतिगृहाचा अधीक्षक होतो. एक भिल्ल मुलगा आला, सहा-सात वर्षांचा. पोहोचवणारा माणूस म्हणाला, आईबाप नाहीत. मी रजिस्टरात लिहिलं, ‘पालक नाहीत’. गावाच्या रकान्यात त्या माणसाच्याच गावाचं नाव टाकलं. आडनाव अंदाजाने लिहिलं. आजोबांचं नाव विचारलंच नाही. त्या दिवशी चाळीस मुलं रांगेत होती, भात करपत होता. माझ्या मते काम झालं होतं.

मुलगा हुशार निघाला. बारावीनंतर जात पडताळणीची वेळ आली. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. त्याच्याकडे माझं रजिस्टर होतं, आणि ते चुकीचं होतं. मग आम्ही दोघं वस्त्या-वस्त्या फिरलो. तिसऱ्या वस्तीवर एक म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘हा तर माझ्या भावाचा नातू’. बारा वर्षं तो तिच्यापासून एका दिवसाच्या अंतरावर होता. आजोबांच्या नावाचा जुना कागद मिळाला तो उर्दूत. वाचणारा शोधावा लागला. दाखला अखेर मिळाला, पण त्याचं एक वर्ष गेलं. आत्या-आजी पुढच्या उन्हाळ्यात वारली. ते गेलेलं वर्ष आणि ती आजी, दोन्ही माझ्या खात्यावर आहेत.

ज्यांची मुळं सापडतच नाहीत, अशा अनाथांसाठी महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये १ टक्का आरक्षण ठेवलं. ते योग्यच झालं. पण ज्याची मुळं आहेत, त्याला आपल्या हलगर्जीने अनाथ करू नये.

म्हणून तीन गोष्टी मागतो.

पहिली : मूल दाखल होताना त्याचं गाव, वस्ती, आई, वडील, आजोबा, मामा आणि आत्या यांची नावं लिहा. जमात आईबापांना विचारून लिहा. भावंडाच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा मिळाला तर प्रत जोडा.

दुसरी : वसतिगृह म्हणजे बालगृह नव्हे. खरोखर कुणी नसलेलं मूल आलं, तर २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं किंवा १०९८ वर कळवायचं. २०१५ चा कायदा सांगतो, संस्था हा शेवटचा पर्याय. आजी किंवा मामा सांभाळायला तयार असेल, तर बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपयांची मदत मिळू शकते. आपल्या खाटा भरण्यापेक्षा तो अर्ज भरून देणं मोठं काम आहे.

तिसरी : टोळी कुठल्या कारखान्यावर गेली आणि मुकादमाचा फोन नंबर काय, हे लिहून ठेवा. आठवड्यातून एकदा मुलाला आईशी बोलू द्या. आपल्या बोलीत बोलू द्या. पोळ्याला, होळीला घरी जाऊ द्या.

मावश्यांनो, हे तुम्हालाही सांगतो. मूल रात्री पांघरुणात जे बोलतं, ते अधीक्षकाला कधी कळत नाही. ‘आमच्या घरामागे मोठं चिंचेचं झाड आहे’ असं ते म्हणालं, तर तेही लिहून घ्या. उद्या त्याच झाडावरून वस्ती सापडेल.

आपण मुलाला आसरा देतो, पण त्याचं घर त्याच्या वस्तीवर आहे. तिकडची वाट आपल्या रजिस्टरातून जाते. ती बुजू देऊ नका.