जुन्या फौजदारी कागदांत 1948 शोधताना



2023 साली कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरे उघडली गेली. तपासायच्या यादीत महसुली कागदांबरोबर कच्च्या कैद्यांची रजिस्टरे, क्राईम रजिस्टर, अटक पंचनामेही होते, कारण त्यांत नावापुढे जात लिहिलेली सापडते. उर्दू-मोडी वाचणारे शोधून आणले. सरकारने मनावर घेतले की कपाट उघडते!

मला त्याच कपाटांत 1948 चा सप्टेंबर शोधायचा आहे.

पोलीस ॲक्शननंतर पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हैदराबाद संस्थानात फिरले. 27,000 ते 40,000 माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद होता. लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात. तिथल्या सुमारे 10,000 मुसलमानांपैकी त्यांना जेमतेम 3,000 दिसले. रझाकारांचे जुलूम अहवालाने लपवलेले नाहीत, मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही त्यात आहेत. तरी तो कित्येक दशके दडपून ठेवला गेला.

पण अहवालातून आकडा कळतो. मयत कोणाचा मुलगा, फिर्याद कोणी दिली, घरातून काय लुटले, शेवटी शेरा काय पडला, हे फौजदारी कागदातच कळणार. फिर्याद नोंदलीच नसेल, तर ती कोरी जागाही मला मोजायची आहे.

कागद शिकस्ता उर्दूत. छापील अक्षर ओळखणारे सॉफ्टवेअर त्यापुढे हात टेकते, हे मी करून पाहिले आहे. शब्द मात्र ओळखीचे: फिर्याद, पंचनामा, जामीन, मुचलका. आमच्या पिढीला लिपी येत नाही, आजोबांना कॉम्प्युटर. म्हणून जोड्या लावू: एकाने वाचायचे, दुसऱ्याने टाइप करायचे. गाव, तारीख, कलम, निकाल एका तक्त्यात. नावे वेगळी, कुलूपबंद. ती फक्त त्या-त्या कुटुंबाने मागितली तर द्यायची. गावात दोन्हीकडची घरे आजही समोरासमोर आहेत, आणि कोणाच्या नातवाला जाब विचारायला आपण बसलेलो नाही.

घाई आहे. सरकारी दप्तरात 'अ' वर्गाचे कागद कायम राहतात, बाकीचे मुदत संपली की नष्ट करता येतात. तेव्हा पहिला अर्ज रेकॉर्ड रूममधल्या यादीसाठी करू, नकलांचे नंतर.

ज्यांना हाताने लिहिलेली उर्दू वाचता येते, त्यांनी आज थांबावे. दोन नमुन्याची पाने आणली आहेत, आणि चहा आहे.