मंदीतला दसरा



घरांच्या खरेदी-विक्रीचा माझा व्यवसाय. सरळ सांगायचं तर मी एजंट. काही जण दलाल म्हणतात, तेही मी मनाला लावून घेत नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर गेली पंचवीस वर्षं माझं छोटंसं ऑफिस आहे. या काळात तीन मोठे फटके पाहिले. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बुडाली आणि इथल्या आयटीतल्या मुलांनी नोकरीच्या धास्तीनं बुकिंग थांबवलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली.

मंदी म्हणजे भाव कोसळणं, असा समज आहे. आमच्याकडे सहसा तसं होत नाही. मालक भाव सोडत नाही. बिल्डर दर तोच ठेवतो, वर पार्किंग नाहीतर मॉड्युलर किचन फुकट देऊ करतो. गिऱ्हाईक ‘अजून उतरेल’ म्हणून थांबतं. म्हणजे व्यवहारच थांबतात, आणि आमचं पोट तर व्यवहारावर. दहा घरं दाखवून सौदा फिसकटला, तर पेट्रोलचे पैसेही आपलेच. पितृपक्षात बुकिंग होत नाही, हे आम्ही धरूनच चालतो, कारण पुढे दसरा असतो. मंदीतला दसरा कधी, हे मात्र कोणी सांगत नाही. खरा कस तिथे लागतो.

अशा वेळी उमेद टिकवायची कशी? ‘धीर धरा’ म्हणून धीर येत नाही. हाताला काम लागतं. घर घेणं लांबणीवर टाकणारा माणूस राहतो कुठे? भाड्यानंच ना! म्हणून मी अकरा महिन्यांच्या करारांकडे वळलो. त्यात दलाली थोडी, पण दुकानाचं शटर रोज उघडतं. दुसरं, मी वही ठेवली. किती सौदे झाले ते त्यात लिहायचं नाही, कारण ते माझ्या हातात नाही. किती फोन केले, किती घरं दाखवली, कोणाची कागदपत्रं तपासून दिली, एवढंच लिहायचं. रात्री पान भरलेलं दिसलं की झोप लागते.

तिसरी गोष्ट अवघड. १ मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं. नोंदणी आवश्यक असलेला प्रकल्प नोंदणीविना एजंटनं विकायचा नाही, असा कायदा आला. त्याच वर्षी एका बिल्डरनं मला दुप्पट कमिशन देऊ केलं. त्याच्या प्रकल्पाला नोंदणी क्रमांक नव्हता. माझ्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे घेऊन आले होते. मी म्हटलं, ‘काका, नंबर येईपर्यंत थांबा.’ ते भाड्याच्या घरात गेले. मला मिळाली एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली. मुलीची फी भरायला पत्नीची ठेव मोडावी लागली. ती काही बोलली नाही, पण दोन दिवस घरात शांतता होती.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं मुद्रांक शुल्कात तीन टक्के सवलत दिली. पन्नास लाखांच्या घरामागे दीड लाख वाचले. पहिला फोन काकांचा आला. तयार घर घेतलं, नंतर साडूंनाही पाठवलं. सगळे असे परत येत नाहीत. वहीतली कितीतरी नावं पुन्हा कधी फिरकलीच नाहीत.

नव्यानं या धंद्यात येणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगतो : सहा महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला काढा, मग कार्ड छापा. गल्ल्यात काही नसलं, की खरं बोलणं महाग वाटायला लागतं. आणि समोरचा माणूस बहुधा आयुष्यभराची पुंजी घेऊन आलेला असतो. मंदी त्यालाही असते. आपला हप्ता भरण्यासाठी त्याला घाई करायला लावू नये.