समासातली चित्रे
(नभोवाणीवरील भाषण)



चित्रकाराचा हात जन्मतःच मिळालेला असतो, असे आपण सहज म्हणतो आणि तो हात घडविण्याच्या जबाबदारीतून मोकळे होतो. शिक्षक म्हणून मीही तसाच मोकळा झालो होतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याची इतिहासाची वही तपासावयास घेतली. सनावळ्यांच्या शेजारी, समासभर, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार भरला होता. केळी विकणाऱ्या बाया, तराजू, पोत्याला टेकून झोपलेला कुत्रा! मी त्या चित्रांवर लाल शाईने रेघा ओढल्या. पुढच्या वेळी वही स्वच्छ आली. मला ते माझे यश वाटले.

माझी चूक ध्यानात आली ती मारिओ मिरांडा यांची चित्रे पाहताना. मारिओंचा जन्म १९२६ साली दमण येथे झाला. घराणे गोव्यातील लोटलीचे. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रे काढीत, तेव्हा त्यांच्या आईने त्यांना कोरी वही आणून दिली. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली ती इतिहासाची. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. रोजनिशी हीच त्यांची चित्रशाळा. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या त्यांच्या सचित्र रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या आहेत. गावातली माणसे, मित्रमंडळी, समारंभ आणि त्यांत वावरणारे स्वतः मारिओ त्यांत भेटतात.

रोजनिशीचे पान चित्रकाराला काय शिकवते? दिवसभरात शेकडो गोष्टी नजरेस पडतात. पान मात्र तेवढेच असते. काय घ्यावे, काय वगळावे, कोणाला पुढे उभे करावे आणि कोणाला खिडकीतून डोकावू द्यावे, हे रोज ठरवावे लागते. चित्राची रचना म्हणतात ती हीच. मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर मारिओंच्या चित्रांतली गर्दी आहे. प्रथमदर्शनी सारा गोंधळ वाटतो. थोडे थांबून पाहिले, की प्रत्येकाचा काही ना काही उद्योग चाललेला दिसतो. त्यांच्या रेखाचित्रांत एकाच्या नजरेचा धागा धरून आपण दुसऱ्यापाशी पोहोचतो. बारीक रेषांनी भरलेल्या भागाशेजारी कोरा कागद राहिलेला असतो. तेथे डोळ्याला क्षणभर विसावा मिळतो.

शिक्षणाला मी कमी लेखीत नाही. मडगावी जन्मलेले दीनानाथ दलाल मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले आणि 'दीपावली'च्या चित्रांनी मराठी घरोघरी पोहोचले. शाळा हाताला शिस्त लावते. पण पाहण्याची सवय ज्याची त्यानेच रोज जोपासावी लागते. निदान तिच्या आड आपण येऊ नये.

त्या विद्यार्थ्याला मी पुढे एक कोरी वही दिली. त्याने ती आदराने घेतली. ती भरली की नाही, हे मी विचारले नाही. तो अधिकार मी लाल शाईने गमावला होता.

आपल्या मुलाच्या वहीत उद्या असाच एखादा कुत्रा झोपलेला आढळला, तर रागावण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे : बाळ, बाजारात इतके सारे होते, त्यातून हाच तुला का घ्यावासा वाटला?